कोरड्या तळ्यावरचे टायरचे माग

मी, ऑर्व्हल प्रुइट, वय अठ्ठ्याहत्तर, पूर्वीचा धंदा सिनेमाच्या गाड्या चालवणे, राहणार लोन पाइन, इन्यो परगणा, कॅलिफोर्निया. गुडघे गेले आहेत, डोकं शाबूत आहे. कोणी भरीला घातलं म्हणून नव्हे, माझ्या मनाने हे लिहून ठेवतो. आधीचं मृत्युपत्र रद्द समजावं. त्यात ज्यांना वस्तू दिल्या होत्या, ते माझ्याआधीच गेले.

१. राहतं घर आणि आतलं सामान माझी पुतणी नोरीन हिला. मागचं दार जरा उचलून लावावं लागतं. हे सगळं मार्गी लावण्याचा अधिकारही तिलाच.

२. पाने, जॅक आणि हत्यारांची पेटी शेजारी टोबायस हर्ड यास. माझी करवत त्याने सहा वर्षांपूर्वी नेली, तीही ठेवावी. मात्र ती माझी होती, हे नोरीनसमोर एकदा कबूल करावं.

३. १९५१ सालच्या काउबॉय चित्रपटाची प्रत. कंपनी बंद पडली तेव्हा गोदामवाल्याने मला दिली. दुसरी कुठे उरलेली नाही. ती गावच्या चित्रपट मंडळाला द्यावी, पण एका अटीवर.

मंडळाचे चिटणीस ॲबट मला म्हणाले, "प्रुइटसाहेब, संगणकावर सगळ्या चुका पुसून टाकतो. शेरीफचं मनगटी घड्याळ, डोंगराजवळच्या विजेच्या तारा आणि ते टायरचे माग. १८७० साली मोटार कुठली हो?"

घड्याळ पुसा. तारा पुसा. माग पुसायचे नाहीत. ते माझे आहेत.

त्या दुपारी घोड्यांच्या पाठलागाचं दृश्य घ्यायचं होतं. कोरड्या तळ्याची जमीन झाडून कोरी ठेवली होती. माझी बायको डेलिया स्वयंपाकाच्या तंबूत कामाला होती, सातवा महिना. सकाळीच तिला रक्त जाऊ लागलं. मी तिला पाण्याच्या ट्रकमध्ये बसवलं, तर दिग्दर्शक लेस्टर ब्रिंकली आडवा आला.

"तळ्यातून नाही! वळसा घालून जा."

"वळशाला तास जाईल."

"माझी जमीन नासेल, प्रुइट!"

"सरक, नाहीतर अंगावर घालीन."

डेलिया आतून ओरडली, "भांडत काय बसलास, चल ना!"

मी सरळ तळ्यातून गाडी घातली. डेलिया वाचली. मुलगी संध्याकाळपर्यंत जगली. नाव रूथ ठेवलं. फोटो काढायचं कोणाला सुचलं नाही.

ब्रिंकलीने मला कामावरून काढलं. वीस वर्षं मी त्याला शिव्या दिल्या. मग एकदा त्याचा कॅमेरामन बाजारात भेटला. म्हणाला, "अरे, झाडूवाले निघालेच होते तुझे माग पुसायला. लेस्टरनेच थांबवलं. म्हणाला, राहू दे." दया आली म्हणून थांबवलं, की ऊन उतरत होतं आणि झाडायला वेळ नव्हता म्हणून, ते मला आजही कळलेलं नाही. तरी त्याच्यावरचा राग मी कोणाच्याही नावे करत नाही. तो माझ्यापाशी संपला.

डेलिया होती तोवर आम्ही दरवर्षी तो चित्रपट पाहिला. माग दिसले की लोक हसायचे आणि ती माझा हात घट्ट धरायची. हसणाऱ्यांना कोणी गप्प करू नये. त्यांना काय ठाऊक.

४. मंडळाला अट मान्य नसेल, तर प्रत नोरीनकडेच राहील.

५. मला डेलिया आणि रूथच्या शेजारी पुरावं. रूथच्या दगडावर जन्म आणि मृत्यू यांची तारीख एकच आहे. कोरणाऱ्याची चूक समजून ती कोणी दुरुस्त करू नये.

हे वाचून, समजून, दोघांच्या देखत सही केली.

ऑर्व्हल प्रुइट

साक्षीदार: मेबल ऑर्टेगा, परिचारिका
क्लाइड सॉव्हिल, टपाल कारकून

लोन पाइन, १४ मार्च २००३