नमुना घर

३ फेब्रुवारी, सोमवार
आलो एकदाचा! पूर्वी या घरांच्या कारखान्यात महिन्याला एक घर व्हायचं, आता दिवसाला पाच होतात. ही भरभराट पाहून लिहायला संपादकांनी मला आठवडाभर धाडलं आहे. भिंती, छप्पर, नळ, पडदे सगळं कारखान्यातच जोडून अख्खं घर ट्रेलरवर चढतं आणि गिऱ्हाइकाच्या प्लॉटवर उतरतं. त्यातलं एक आमचंही, शुक्रवारी पोचेल. बायको आतापासूनच पाया झाडते आहे. माझा मुक्काम इथल्या नमुना घरात. फोरमननी कारखान्याचा नियम सांगितला : नमुन्यात जे दिसेल ते प्रत्येक घरात, स्वतःचं डोकं चालवायचं नाही. मी म्हटलं, पाठशाळेत आम्ही संस्कृतही असंच शिकलो. ते हसले नाहीत.

४ फेब्रुवारी, मंगळवार
टेबलावर चहा सांडला. पुसायच्या आत दोन कामगार फूटपट्टी घेऊन हजर. डागाची लांबीरुंदी टिपून गेले. दुपारी पाहिलं तर ओळीतल्या पाचही घरांत तोच डाग, डावीकडे ओघळ आलेला. फोरमनना चिडवायला गेलो, तर उलट मीच बोलणी खाल्ली. सांडायचंच होतं तर आधी सांगायचं ना साहेब, म्हणाले, सकाळची दोन घरं डागाविना गेली, आता ती परत बोलवा!

५ फेब्रुवारी, बुधवार
आज माझं माप घेतलं. खांदे, मनगटं, टक्कल. डाव्या गुडघ्याची कुरकुर एकजण कान लावून ऐकत होता. वाटलं, पाहुण्याला कारखान्याचा कोट शिवताहेत. मग विचारलं, बायकोला काय म्हणून हाक मारता. मी हसत सांगितलं. तिथवर ठीक होतं. पण त्यांनी ते लिहून का घेतलं?

६ फेब्रुवारी, गुरुवार
आमचं घर समोरच उभं आहे, उद्या निघणारं. खिडकीशी कुणीतरी पाठमोरं बसून लिहितं आहे. टक्कल ओळखीचं. मी पेन थांबवलं. त्यानेही थांबवलं. फोरमनना गाठलं. त्यांचं म्हणणं सरळ : नमुन्यात माणूस आहे, मग घरात नको? गिऱ्हाईक भांडेल की!
गृह आणि वर गृहस्थ. विनोद सुचतो आहे, हसू येत नाही.

७ फेब्रुवारी, शुक्रवार
समोरचं घर पहाटेच गेलं. दुपारी बायकोला फोन केला. कोण बोलतंय, म्हणाली. हे तर इथे बसलेत, चहा पाणचट झाला म्हणून कुरकुरताहेत. आवाज बरा काढता हो ह्यांचा, लाज नाही वाटत?
फोन त्याने घेतला. मी जे जे म्हणणार होतो ते त्याने आधीच म्हटलं. वर मलाच शहाणपण शिकवलं : सद्गृहस्था, परस्त्रीला फोन करू नये.
फाटकाकडे धावलो. वॉचमन म्हणाला, साहेब तर सकाळीच घराबरोबर गेले. सही दाखवली. माझीच. गेलेला माणूस पुन्हा कसा सोडू, म्हणाला — आणि हाताला धरून इथे आणून —

८, शनिवार
दार बाहेरून बंद. नवं मॉडेल येतंय म्हणे. जुना नमुना आज मोडणार. आतल्या सगळ्यासकट —

ओरडलो. फोरमन खिडकीशी आले. फार आपुलकीने म्हणाले, ओरडू नका साहेब. तुम्ही ओरडलात की गेलेल्या घरांतूनही ओरडतात. तक्रारी येताहेत —

करवत. छपरातून उजेड —

अगं, ही वही फटीतून टाकतो. कुणीतरी तुला देईल. त्याला एकच गोष्ट ठाऊक नाही. ती लिहिली तर तुला पटेल, मी मी आहे. पण इथे लिहिलं की त्याच्याही वहीत उमटणार — आणि न लिहिलं तर —

भिंत गेली. टेबलापर्यंत —

लिहितो. तू त्याच्याआधी वाच. लग्नाच्या आदल्या दिवशी मी तुझ्याकडे आलो होतो, लग्न मोडून परत जायला. तू दार उघडलंस आणि मी —