हळदीचं पाणी

ताई,
आधी नमस्कार घे, रागवायचं नंतर बघ. मी वेळेवर जेवतो, बोम्मसंद्राची नोकरीही टिकून आहे. तुझा खोकला थांबला का?

मल्लेश्वरमला घरमालकीण कृष्णाबाई अक्कांकडे अजून तांब्याचा बंब आहे. लाकूड-कोळसा घालून तो रोज मीच पेटवतो, त्यांच्या नातीसाठी. म्हणजे वल्लरी. जिच्यामागे कॉलेज अर्धवट सोडून इथं आलो, तीच.

परवा म्हणाली, "उद्या बंब लवकर पेटव हं, सत्यनारायण आहे, पाहुणे येतील." मी मूर्ख, काल पहाटेपासून फुंकत बसलो. पाणी कढत झालं आणि बायका हळदीची वाटी घेऊन आल्या, वल्लरीला लावायला! आज तिचं लग्न, हुबळीच्या मुलाशी.

"मला का नाही सांगितलंस?" विचारलं, तर म्हणते, "चिडला असतास. मग बंब कोणी पेटवला असता?"

जाळावर बादली ओतणारच होतो. तेवढ्यात अक्का म्हणाल्या, "स्वल्प आणखी लाकूड घाल रे, पोरीला गार पाणी नको."

घातलं, ताई.

सोमवारी येतो. कॉलेजात परत घेतात का, ते मीच विचारीन. तू फक्त बाबांना दोन दिवस गप्प बसव.

तुझा तापट भाऊ,
ईशान