सतरावं सोडून बाकी सगळं

मी, वय अडुसष्ट, धंदा शिवणकाम, हे मृत्युपत्र स्वखुशीने आणि शुद्धीत राहून लिहिते. डोकं ठिकाणावर असल्याचं डॉक्टरीणबाईंनी कागदावर दिलं आहे, कारण मुलाला खात्री नव्हती.

१. दुकान आणि वरच्या दोन खोल्या मुलाला. खिडकीची कडी अडकते, वर उचलून ओढावी. शिलाई मशीन सुनेला. तिला सरळ टीपही घालता येत नाही, पण तेल वेळेवर घालते.

२. मोठी कात्री खालच्या इस्त्रीवाल्याला. त्या कात्रीने कागद कापलास तर बाबा, भूत होऊन येईन.

३. आता फोन. माझे यजमान, सगळे त्यांना मास्तर म्हणत, मापं वहीत न लिहिता फोनमधल्या ऍपमध्ये बोलून ठेवायचे. "समोरचे शिक्षक. छाती अडतीस, बाही तेवीस, पोट सांगू नका म्हणालेत, तरी चाळीस." ते गेले तेव्हा असे दोनशे बारा आवाज होते. महिन्याभराने मुलगा म्हणाला, "आई, फोन किती मागे राहिलाय गं! आपोआप अपडेट लावून देतो." मायेनेच केलं मेल्याने. दुसऱ्या दिवशी ऍपचा रंग बदललेला आणि जुने एकशे एकाहत्तर आवाज उघडेचनात. चार महिने मी त्याच्याशी बोलले नाही. तो अपराध इथे माफ करते. विसरत मात्र नाही.

उरले एक्केचाळीस. तेव्हापासून आपोआप अपडेट बंद, वायफाय बंद, सिमसुद्धा काढून टाकलं. तरी भरवसा नाही. मुलाच्या घरी जावं तर तिथलं वायफाय या फोनला ओळखतं. फोन इथे ठेवून जावं तर मुलाकडे दुसरी किल्ली आहे, आणि त्याची माया मला ठाऊक आहे. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. सहा वर्षांत बाहेर पडले ती दात काढायला, तेही फोन पिशवीत घालून. नात पहिलं पाऊल टाकत होती तेव्हा मी इथे बसून शिक्षकांचं पोट ऐकत होते. सून किती वेळा म्हणाली, "आई, वाजवू आणि दुसऱ्या फोनवर उतरवून घेऊ, पाच मिनिटांचं काम." मी हात लावू दिला नाही. हट्ट माझा, कुलूप माझं, आणि जीव गुदमरतो तोही माझाच.

४. म्हणून माझ्या पश्चात सुनेने चाळीस आवाज उतरवून घ्यावेत. पंखा बंद ठेवावा. मुलाने शेजारी बसावं, बटणाला हात लावू नये.

सतरावं माप उतरवायचं नाही. त्यात गिऱ्हाईक नाही. मास्तर म्हणतात, "हिचं माप," मग थोडं हसतात, "जाऊ दे, पाठ आहे."

बाकीचे उतरले की वायफाय लावा आणि आपोआप अपडेट चालू करा. सतराव्याचं काय व्हायचं ते होवो. त्याच्यासाठी माझ्यामागे कोणीही घरात बसून राहायचं नाही, ही या कागदातली सगळ्यात मोठी अट.

मी आहे तोवर मात्र फोनला कोणी शिवायचं नाही.

लिहून देणार: मास्तरांची बायको (सही)
साक्षीदार: १. डॉक्टरीणबाई (सही) २. समोरचे शिक्षक (सही; पोट आता बेचाळीस)
तारीख: नऊ, मंगळवार
ठिकाण: दुकानावरची आतली खोली, दाराला आतून कडी