मावशीचा ठसा

सोमवार, १४ मार्च

ती. बाबांस,

नमस्कार. मी बरी आहे. खोकला गेला, डब्याची सोय झाली. आईला सांगा, स्वेटर पोचला. बाह्या एखाद्या गेंड्यालाही पुरतील.

इथे नेहमीचंच. केंद्राच्या मागच्या खोलीत दिवसभर जंगलातल्या कॅमेऱ्यांचे फोटो बघते. रानडुक्कर, हलणारं गवत, पुन्हा रानडुक्कर. ड्रायव्हरकाका म्हणतात, "ताई, लग्नाचा अल्बमसुद्धा कुणी इतका बघत नाही!"

मागच्या तीन पत्रांत तुम्ही विचारलंत, मावशी कशी आहे. तिन्ही वेळा मी "मजेत" लिहिलं. पहिल्या दोन वेळा मला तसंच वाटत होतं.

तिसरं पत्र गुरुवारी टाकलं. बुधवारी गस्तीवाल्यांना ओढ्याच्या वरच्या अंगाला एका गेंड्याच्या मादीची हाडं सापडली होती. पुढच्या पायाला तारेचा फास. हरणासाठी लावलेला असावा. शिंग जागेवरच होतं. डॉक्टर म्हणाले, जखम घेऊन पाच-सहा आठवडे हिंडली असेल, जानेवारीत गेली. "वेळेवर कुणी गेलं असतं तर..." एवढं म्हणून ते चहा पिऊ लागले. मीही प्यायले. साखर नव्हती, ते कप धुताना कळलं.

आता खरं लिहिते. ओढ्यावरच्या कॅमेऱ्याची बॅटरी ऑगस्टमध्ये मी बदलली. बदलली की तारीख हाताने लावावी लागते, ती मी विसरले. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात कार्ड आणलं. त्यात मावशी होती: फाटका कान, ओली पाठ आणि भलतीच तारीख. आमच्या तक्त्यात 'तारीख अनिश्चित' असा रकाना आहे. तो भरला असता तर साहेबांनी विचारलं असतं, तारीख कुणी लावली नाही? म्हणून मी 'नोव्हेंबरअखेर' लिहिलं.

फोटोत मागे ओढा दुथडी वाहत होता, बाबा. नोव्हेंबरअखेर तिथे नुसती वाळू असते. हे मला लिहितानाच दिसलं होतं.

गेंडा तीन महिने दिसला नाही की शोधायला माणसं निघतात. माझ्या त्या एका शब्दामुळे डिसेंबरात कुणी निघालं नाही.

आज सकाळी साहेबांना सगळं सांगितलं. त्यांनी तो तक्ता मागवून बघितला. मग म्हणाले, "आधी ओळख पटू दे. दुसरीही असू शकते." कान उरलेला नाही. पायाची नखं आहेत. मधलं मावशीसारखंच तुटलेलं वाटतं, पण खात्रीने सांगणारं इथे कुणी नाही.

तुम्ही इथे नोकरीत असताना घेतलेला तिच्या डाव्या पायाचा प्लास्टरचा ठसा आपल्या दाराला टेकण म्हणून आहे. त्याच तीन बोटांवर तुम्ही मला मोजायला शिकवलंत. 'मावशीचा पाय' म्हणालात की आई फणफणायची, "माझी बहीण का ती?"

तो ठसा कापडात गुंडाळून घेऊन या. दाराला दुसरं काही लावा. स्टँडवर मी उभी असेन. वाटेत माझ्याशी बोलला नाहीत तरी चालेल. नखं बघून झाल्यावर मात्र जे असेल ते तुम्हीच सांगा, साहेबांना नको.

वरची तारीख दोनदा कॅलेंडर बघून लिहिली आहे.

तुमची,
धाकटी