आत्याबाईंनी खुर्ची घेतली

तिसगाव, गुरुवार, दिवेलागण

गिरणीत संप करणाऱ्या बायकांची कादंबरी मोठ्यानं वाचताना मी मोबाईलवर बंडाची गाणी लावते. त्याशिवाय वाचायला रंगतच येत नाही. सासूबाई, म्हणजे आमच्या आत्याबाई, शेजारी शेंगा फोडत असतात. त्या ऐकतही असतील, हे माझ्या डोक्यात कधी आलंच नाही!

आज ग्रामसभेत आम्ही बायका नेहमीसारख्या सतरंजीवर बसलो. आत्याबाई मात्र थेट पहिल्या रांगेतल्या लाल खुर्चीत जाऊन बसल्या, वर माझ्याच मोबाईलवरचं गाणं गुणगुणायला लागल्या.

सरपंच म्हणाले, "काकू, ती मेंबरची खुर्ची हाय."

"ठावं हाय. मेंबर माझाच नवरा हाय. बसंल की सतरंजीवर."

मामंजी आले. खुर्चीकडे बघितलं आणि मुकाट्यानं माझ्या शेजारी मांडी घालून बसले. मी पदर सावरू की हसू आवरू? आणि ती लाल खुर्ची मला का नाही सुचली? पुस्तक तर मी वाचते!

घरी आल्यावर मामंजींनी हळूच विचारलं, "पोरी, त्या पुस्तकात पुढं काय हुतंय? आधी कळलेलं बरं."

"अजून निम्मं राहिलंय, मामा."

ते मटकन ओट्यावर बसले.