आयोजकाने बोलायचं नाही

प्रिय सुबोध,

बोलतेय मी, लिहितेय अनुपमा. राग माझा आणि अक्षर माझ्या सुनेचं. ती बँकेत असते, तिला सगळं नीटनेटकं लिहायची सवय. मी ‘मेल्या’ म्हटलं की ती ‘अरे’ लिहिते. तेव्हा या पत्रात जिथे ‘अरे’ दिसेल तिथे तू ‘मेल्या’ वाचायचं. तुला वाचता येतं आणि मला येत नाही, हे तू भर सभेत सांगितलंच आहेस.

रविवारी तुझा फोन आला. आवाजात साखर घालून बोललास. गुडघे कसे आहेत, गोळ्या वेळेवर घेता का, सगळं विचारलंस आणि मग हळूच मुद्द्यावर आलास. मी नुसतं ‘बघू’ म्हटलं. तेव्हाच तोंड उघडलं असतं तर नाहूर स्टेशनपर्यंत ऐकू गेलं असतं. आता चार दिवस झाले, राग जरा मुरलाय. आधी तो घे, मग उत्तर घे.

अरे, तुमचं हे संमेलन जन्माला आलं ते आमच्या पुढच्या खोलीत, त्या करकरणाऱ्या दिवाणावर. माझी नात श्रुतिका, तू आणि प्रीतम. कॉम्प्युटरवर मराठीत ब्लॉग लिहिणारे आणि वेबसाइट बनवणारे वर्षातून एकदा एका जागी आणायचे, असं तुमचं चाललं होतं. मी विचारलं की सगळे घरबसल्या एकमेकांचं वाचतात, तर भाड्याचं सभागृह कशाला? तू म्हणालास, तोंडं बघायला, आजी. मला ते उत्तर फार आवडलं होतं. आमच्या गाववाल्यांचं मंडळसुद्धा त्यासाठीच भरतं, गिरण्या होत्या तेव्हापासून. त्या दिवशी घावणे टाकता टाकता मी तुला मनातल्या मनात कोण करून टाकलं होतं, ते आता सांगत नाही. अनुपमाने पेन थांबवून माझ्याकडे बघितलं. म्हणजे तिच्याही मनात तेच होतं.

त्या पहिल्या वर्षी टी-शर्टांच्या घड्या मी घातल्या. गळ्यात अडकवायच्या नावांच्या पट्ट्या मी ओवल्या, कुठलं नाव कोणाचं ते न कळता. मुलुंडच्या त्या शाळेत पडदा मिळेना, तेव्हा आमच्या घरची पांढरी चादर खिळ्याला बांधलीत. तिच्यावर हळदीचा डाग होता. बोलणारा कोणीही असो, डाग बरोबर त्याच्या अक्षरांच्या मधोमध यायचा. आणि तरी काय झकास झाला होता रे तो दिवस.

तेव्हाच श्रुतिकाने नियम केला होता, आठवतो? आयोजकाने बोलायचं नाही. ज्याने सभागृह ठरवलं, चहा सांगितला, त्याने व्यासपीठावर चढून भाषण ठोकायचं नाही. माइक दुसऱ्यांसाठी. हे तिला कुठून सुचलं ते मला माहीत आहे. आमच्या मंडळाचे अध्यक्ष दरवर्षी इतकं बोलायचे की वड्यांची चामडी व्हायची. ती लहानपणी माझ्या मांडीवर बसून ते बघायची. तिने नियम सांगितला तेव्हा सगळ्यात आधी टाळी कोणी दिली? तूच.

आता तुळशीचं सांगते. तुला माहीत आहे, पण तू ते विसरल्यासारखं वागतोस म्हणून सांगते. मंडळाच्या बातम्या फोनवर लिहून यायला लागल्या आणि मी आंधळी झाले. कोण वारलं, कोणाचं लग्न ठरलं, गणपतीची बस कुठून सुटणार, सगळ्यासाठी दुसऱ्याचं तोंड बघायचं. श्रुतिकाने माझ्यासाठी आणि माझ्यासारख्या बायकांसाठी वेबसाइट बनवली. चित्र दाबायचं की गाववाल्याचा आवाज येतो. बनवताना ती मला शेजारी बसवायची आणि एक शब्दही न सांगता बघायची, की मी कुठे अडते. मी घराचं चित्र दाबायचेच नाही, कारण मला वाटायचं की ती भाड्याच्या खोल्यांची जाहिरात आहे. मयताच्या बातमीला तिने घंटा काढली होती, मी आरती समजून हात जोडून बसले. ती हसायची, मी तिला चापट मारायचे आणि ती पुन्हा सगळं मोडून नवं करायची. शेवटी तिने घराच्या जागी तुळस काढली. कुठेही हरवलं की तुळस दाबायची, परत अंगणात. मालवणात काय आणि मुलुंडात काय, तुळस कोणाला सांगावी लागत नाही. चित्रं दाबताना अडणाऱ्या माझ्या हाताचा तिने व्हिडिओ काढला तोही मला विचारून. बांगड्या बदलू का, असं मीच तिला विचारलं होतं.

आणि गेल्या वर्षी संमेलन तोंडावर आलं असताना तू म्हणालास, मरोळच्या ऑफिसात फार काम आहे, मला आयोजनातून मोकळं करा. श्रुतिकाने केलं. तुझी कामं स्वतःच्या डोक्यावर घेतली. आणि कार्यक्रम जाहीर झाला तेव्हा वक्त्यांमध्ये तुझं नाव. विषय कोणता, तर न वाचणाऱ्यांसाठी वेबसाइट, म्हणजे तिचीच तुळस. वक्ते निवडायचं काम प्रीतमकडे होतं आणि त्याला तू सांगितलं होतंस की श्रुतिकाला सगळं ठाऊक आहे. ठाऊक तिला तेव्हाच झालं, जेव्हा जगाला झालं. तुझ्याशी भांडायला जा म्हटलं तर ती म्हणाली, आजी, मी आयोजक आहे, मी बोलले तर लोक म्हणतील जळते. आणि नियम माझाच आहे.

अरे, तिचाच नियम घेतलास आणि तिच्याच तोंडाला बांधलास.

मी तिसऱ्या रांगेत होते. खुर्ची श्रुतिकाने धरून ठेवली होती. तुझ्या शर्टाला माइकही तिनेच लावला. आणि पडद्यावर माझं बोट आलं, एवढं मोठं, माझ्या हिरव्या बांगड्यांसकट. तू म्हणालास, या आमच्या अंगठाछाप आजी. सभा हसली. मग घराचं चित्र, मग घंटा. सभा आणखी हसली. शेजारची बाई तर इतकी हसली की तिने टाळीसाठी माझाच हात धरला. तिला काय माहीत, ते बोट त्याच हाताचं होतं.

मला अंगठाछाप म्हटल्याचं दुःख नाही, सुबोध. मी आहेच. आमच्या बापाने शाळा दाखवली नाही, आणि गिरणीवाल्याच्या घरात चूल, पाणी आणि पोरं यातून मान वर करायला वेळ नव्हता. राग याचा आहे की त्या चुका माझ्या होत्या आणि मी त्या श्रुतिकाला दिल्या होत्या. घरच्या घरात, तिच्या कामासाठी. तिने त्यांतून तुळस काढली. तू त्यांतून हशा काढलास.

आणि शेवटी कोणी जान्हवी नावाची मुलगी उठली. भोळी पोर, तिने विचारलं, हे सगळं तुम्ही एकट्याने केलंत का? तेव्हा मला वाटलं, आता तरी. श्रुतिका दारातच होती, उशिरा आलेल्यांच्या गळ्यात पट्ट्या घालत. तुला ती समोर दिसत होती. तू म्हणालास, “नाही नाही, टीम होती.”

टीम. तिला आईबापाने ठेवलेलं नाव आहे रे.

ती घरी आली, जेवली, ताट धुतलं आणि लॅपटॉप कपाटात टाकला. तुमच्या समितीतूनही बाहेर पडली. प्रीतमला तब्येतीचं कारण दिलं, आणि तुम्ही ते मानलंत, कारण ते मानणं सोपं होतं. कांदिवलीच्या कचेरीत जाते, येते, हसते. पण मी तुळस दाबली की अजून आमच्या गावच्या खंडूच्या मुलीच्या लग्नाचं आमंत्रण ऐकू येतं. त्या मुलीचे आता दिवस भरत आलेत. मंडळातल्या बायका मला विचारतात, मालन, तुझ्या नातीची तुळस सुकली काय? काय सांगू त्यांना?

तर आता तुझ्या फोनचं उत्तर. यंदा संमेलन घाटकोपरला, मोठ्या सभागृहात, आणि मुख्य आयोजक तू. मला व्यासपीठावर बसवणार, शाल आणि नारळ देणार, आणि पडद्यावर तो व्हिडिओ लावून स्वतः माझी मुलाखत घेणार. मी येते. शाल नको, उकडतं. नारळ चालेल. पण मुलाखत तू कशी घेणार, सुबोध? आयोजकाने बोलायचं नाही. श्रुतिका यंदा आयोजक नाही, तिला बोलता येतं. माझ्या शेजारी तिची खुर्ची, कार्यक्रमात तिचं पूर्ण नाव, आणि तू दारात पट्ट्या वाटायला. जमत नसेल तर माझं बोट पडद्यावरून काढ, ते मी तुला दिलेलं नाही. जमलं, तर संमेलन उरकल्यावर घरी ये. आल्यावर आधी तिच्याशी बोल, मग माझ्याशी. घावणे गरम मिळतील. मी रागावले आहे, पण तुला उपाशी परत पाठवण्याइतकी नाही. हे सगळं मी तिला न विचारता ठरवलं असतं, तर तुझ्यात आणि माझ्यात फरक काय राहिला असता? म्हणून पाकीट बंद करण्याआधी अनुपमाने इथवरचं पत्र तिला वाचून दाखवलं. ती खिडकीशी उभी राहून ऐकत होती. आत गेली, कपाट उघडल्याचा आवाज आला. मग लॅपटॉप घेऊन माझ्या शेजारी दिवाणावर बसली आणि म्हणाली, “आजी, जरा इथे दाबून बघ.”

अजून तरी तुझीच,
मालन आजी

खाली अंगठा उठवलाय. हा कोणाला दाखवायचा झाला, तर आधी विचार.