दमणारी मांडी

३ मार्च
पेशंटच्या घरीच राहायचंय, खोली मनासारखी मिळाली. सकाळचं ऊन, मोठं टेबल, मशीनसाठी स्वतंत्र प्लग. काम सोपं आहे. अर्धांगाच्या झटक्यानंतर पेशंटचा, काकांचा, उजवा पाय लुळा पडलाय. नस शाबूत आहे, फक्त वरून, मेंदूकडून, हुकूम येत नाही. तो हुकूम मी करंटने द्यायचा. मला पाहून काका म्हणाले, चावी देणारी आली, आता खेळणं चालेल. काकू खूप हसल्या. मीही.

४ मार्च
पेशंटआधी मशीनचे पॅड मी स्वतःला लावून बघते. कोपराखाली, हाताच्या मागच्या बाजूला. करंट नसेला भिडला की बोटं आपोआप उघडतात, मला विचारत नाहीत. आज हातातलं पेन पडलं. काका म्हणाले, आधी स्वतः चाखते, मग वाढते, गुणाची पोर आहे. त्यांची मांडी छान आवळली.

९ मार्च
मेंदू स्नायूतले तंतू आळीपाळीने वापरतो, करंट सगळ्यांना एकदम जुंपतो. म्हणून करंटने स्नायू लवकर दमतो. काकांचा दमत नाही. जिना चढताना माझीच उजवी मांडी भरून आली. प्रवासाचा शीण असावा.

१५ मार्च
झोपून उठले तरी अंग आंबलेलं. मापाची टेप लावली. काकांची मांडी भरतेय, माझी उजवी उतरतेय. डावी होती तशीच. काकूंना म्हटलं, मला घरी जायचंय. त्या म्हणाल्या, जा की बाई, तुला कुणी बांधून ठेवलंय? फक्त ते उभे राहू देत.

१९ मार्च
आज स्वतःवर बघितलं नाही, थेट त्यांना लावलं. बटण फिरवलं आणि दोघांच्या मांड्या एकदम आवळल्या. माझ्या अंगावर वायर नव्हती. मशीन बंद केलं. बॅग भरतेय.

२० मार्च
जिन्यापर्यंत पोचले. पुढे पाय उचलेना. काकूंनी कडेवर घेतल्यासारखं परत आणलं, म्हणाल्या, किती हलकी झालीस गं. काका दारात उभे होते. काठीशिवाय.

२२ मार्च
ते दिवसभर घरभर चालतात. दमते मी. आता डावा पायही — काकू केस विंचरतात. म्हणतात, आमचं एवढं केलंस, आता आम्ही तुझं करू.

२३ मार्च
काका मशीन घेऊन आलेत. म्हणतात, आता चावी मी देतो. नको म्हटलं. म्हणाले, घाबरू नकोस, तुझीच रीत, आधी स्वतः चाखणार. बाही वर केली. कोपराखाली पॅड — त्यांच्याच. माझ्या हाताला काही लावलेलं नाही. काही नाही. बटण फिरव— पेन घट्ट ध